२१ दिवसांत पापण्यांचे केस परत येत नाहीत

लॅश एक्स्टेन्शन (पापणीच्या केसांवर ग्लूनं चिकटवायचे कृत्रिम केस) नीट न लावल्यामुळे ज्यांच्या पापण्यांचे केस तुटलेत, विरळ झालेत, त्यांना हल्ली एक मजकूर हमखास येतो. तो साधारण असा: गळालेल्या केसाला पांढरं टोक दिसलं तर मूळच गेलं समजा. उरलेली एक्स्टेन्शन पार्लरमध्ये पैसे न घालवता तेल लावून घरीच ओढून काढा. मग रोज रात्री एरंडेल लावा, केसांची टोकं जराशी कापा, बायोटिनच्या गोळ्या घ्या, एखादं ‘नैसर्गिक’ सीरम लावा. २१ दिवसांत पापण्या पूर्वीपेक्षा दाट होतील. तोवर ओकंबोकं दिसत असेल तर एक्स्टेन्शनचा हलका सेट लावून घ्या. आणि डोळे लाल झाले, सुजले तर घाबरू नका, ग्लू ‘सेट होतोय’.

यातल्या काही सूचना निरुपद्रवी आहेत, काही फक्त पैसे खाणाऱ्या, आणि दोन-तीन डोळ्याला थेट इजा करणाऱ्या. पण सगळ्या एकाच दमात आणि सारख्याच खात्रीनं सांगितलेल्या असतात, त्यामुळे वाचणारीला धोक्याची कोणती ते कळत नाही. म्हणून एकेक सुटी करून बघू.

“२१ दिवसांत पूर्ववत”

वरच्या पापणीचा केस साधारण ८ ते १२ मिलिमीटर लांब असतो आणि वाढीच्या काळात दिवसाला सुमारे ०.१२ ते ०.१४ मिलिमीटर वाढतो. याला २१ नं गुणून बघा: अडीच ते तीन मिलिमीटर. म्हणजे केस गळाला त्याच दिवशी नवा फुटला असं धरलं, तरी एकविसाव्या दिवशी तिथे नुसता खुंट असेल. १० मिलिमीटर गाठायला सत्तर-ऐंशी दिवस लागतात.

आणि नवा केस त्याच दिवशी फुटेल याचीही खात्री नाही. पापणीच्या प्रत्येक केसाचं एक चक्र असतं. काही आठवडे तो वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं, आणि त्यानंतर बराच काळ तो नुसता जागेवर बसून असतो. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो, पापणीचा काही आठवड्यांतच थांबतो. (नाहीतर पापण्यांच्याही वेण्या घालाव्या लागल्या असत्या.) कोणत्याही दिवशी पाहिलं तर पापणीवरचे बहुतेक केस या विश्रांतीच्या टप्प्यात असतात. शेजारशेजारचे दोन केस एकाच टप्प्यात असतीलच असं नाही, त्यामुळे गळालेल्या जागा एकदम भरत नाहीत. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरी, असं चालतं. मूळ शाबूत असेल तर दीड-दोन महिन्यांत फरक दिसायला लागतो. पूर्ण ओळ भरायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त.

मग २१ दिवसांत फरक पडला असं शपथेवर सांगणाऱ्या खोटं बोलतात का? तसं नाही. एक्स्टेन्शन असतानाच काही केस खाली वाढत होते, ते आता दिसायला लागतात. शिवाय नजर बसते. महिनोन् महिने आरशात लांब, काळेभोर केस बघितल्यावर स्वतःच्या साध्या पापण्या टक्कल पडल्यासारख्या वाटतात, आणि दोन-तीन आठवड्यांत डोळ्याला त्यांची सवय होते. तुलना करायचीच तर एक्स्टेन्शन लावण्याच्या आधीच्या फोटोशी करा. नुकसान किती झालंय याचा खरा अंदाज तिथेच येतो, आणि बऱ्याचदा तो भीतीपेक्षा कमी निघतो.

“पांढरं टोक दिसलं म्हणजे मूळ गेलं”

या वाक्यानं जितक्या जणींना रडवलंय तितकं दुसऱ्या कशानं नसेल. ते पांढरं टोक म्हणजे केसाच्या बुडाचा भाग. आपोआप, वेळेवर गळणाऱ्या केसालाही ते असतं. केस जिथून उगवतो तो त्वचेतला कप्पा, म्हणजे फॉलिकल, त्याबरोबर बाहेर येत नाही. एक्स्टेन्शन नसतानाही रोज एक ते पाच केस गळतातच, फक्त ते बारीक असल्यानं लक्षात येत नाहीत. एक्स्टेन्शन चिकटलेला केस मात्र उशीवर ठळक दिसतो.

फॉलिकलचं खरं नुकसान होतं ते सततच्या ओढीनं, भाजल्यानं किंवा दीर्घकाळ राहिलेल्या सुजेनं. वाईट लावलेला सेट ही ओढ कशी तयार करतो ते समजून घेण्यासारखं आहे. नियम असा की एका नैसर्गिक केसावर एकच एक्स्टेन्शन, किंवा अगदी बारीक तंतूंचा एकच पंखा, आणि तोही त्वचेपासून अर्धा ते एक मिलिमीटर सोडून. घाईत काम करणारी टेक्निशियन केस नीट वेगळे करत नाही, आणि ग्लूच्या थेंबात शेजारचे दोन-तीन केस अडकतात. त्यातला एक वाढीच्या टप्प्यात असतो, दुसरा थांबलेला. वाढणारा केस वर सरकताना थांबलेल्याला बरोबर ओढत नेतो, मग डोळा चोळला, कुशीवर झोपलं, प्रत्येक वेळी एकाचा ताण दोघांच्या मुळांवर. दुसरी चूक वजनाची: बारीक केसावर जाड आणि लांब एक्स्टेन्शन. ०.१५ ऐवजी ०.२० किंवा ०.२५ मिलिमीटर जाडीचं लावलं तर सेट पहिल्या दिवशी भरगच्च दिसतो, पण त्याचा भार तो केस पेलू शकत नाही. तिसरी, ग्लू थेट त्वचेला लागणं.

हे घरी ओळखता येतं. स्वच्छ, कोरडा ब्रश मुळापासून टोकाकडे हलकेच फिरवा. तो अडखळत असेल, किंवा एखादं एक्स्टेन्शन बाजूला सरकवल्यावर टोचल्यासारखं दुखत असेल, तर तिथे केस एकमेकांना चिकटलेत. नीट लावलेला सेट दुखत नाही. ‘पहिले दोन दिवस जरा ओढल्यासारखं वाटतंच’ असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

अशी ओढ सेटमागून सेट चालू राहिली तर घट्ट वेणीनं कपाळावरचे केस मागे हटतात तसं पापणीवरही होऊ शकतं. चार-सहा महिन्यांनंतरही एखादी जागा गुळगुळीतच राहिली, बारीक खुंटही दिसत नसेल, किंवा नवे केस आत वळून डोळ्याला टोचत असतील, तर नेत्रतज्ज्ञाला दाखवायला हवं.

“तेल लावा आणि ओढून काढा”

एक्स्टेन्शनचा ग्लू सायनोअॅक्रिलेट जातीचा असतो. घरात तुटलेला कप चिकटवायला जो झटपट डिंक वापरतात त्याच कुळातला. हवेतल्या ओलाव्यानं तो घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की तेलात विरघळत नाही. तेलानं फार तर एखादी कड सैल होते, बाकीचं काम बोटं करतात. ग्लू आणि केस यांची पकड केस आणि मूळ यांच्या पकडीपेक्षा पक्की असेल तर ओढल्यावर काय निघणार? एक्स्टेन्शन नाही, केस. नुकसान झालेल्या बऱ्याच पापण्या सेटमुळे जितक्या उजाड होतात त्याहून जास्त या ‘हलकेच ओढण्या’मुळे होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचीच दुसरी आवृत्ती म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर. त्यातलं अॅसिटोन हा ग्लू खरंच विरघळवतं, म्हणून कोणाला तरी ते सुचतं. पण ते डोळ्याच्या इतकं जवळ न्यायचं नाही, कापसावर नाही, काडीवरही नाही. बुबुळाचा पृष्ठभाग भाजू शकतो.

काढायचीच असतील तर दुसऱ्या, हात चांगला असलेल्या टेक्निशियनकडे जाऊन ‘फक्त काढायची आहेत, नवीन लावायची नाहीत’ असं सांगा. ती डोळे मिटवून, खालच्या पापणीवर पॅड ठेवून जेल किंवा क्रीमचं रिमूव्हर लावते, काही मिनिटं थांबते आणि एक्स्टेन्शन न ओढता सरकून निघतात. ते रिमूव्हर विकत आणून घरी लावावं का? नको. त्यातही द्रावकच असतं, ते डोळ्यात गेलं तर झोंबतं आणि इजाही करतं, आणि ज्या डोळ्याला ते लावायचं तो मिटून स्वतःचं स्वतः काम करता येत नाही.

सेट दुखत नसेल, गुठळ्या नसतील, तर काहीच न करणं हाही चांगला मार्ग आहे. केस आपल्या वेळेनं गळतील तशी एक्स्टेन्शन जातील. तोवर पापण्या रोज सौम्य, बिनतेलाच्या क्लेन्झरनं धुवायच्या. पाणी लागलं तर सेट खराब होतो या समजुतीपायी कित्येकजणी आठवडेच्या आठवडे पापण्या धूत नाहीत. मग मुळाशी तेल आणि मृत त्वचा साठते, कडा सुजते, खाजते, आणि चोळून चोळून आणखी केस जातात.

“एरंडेलानं दुप्पट दाट”

एरंडेलानं पापण्यांचे केस उगवतात याचा वैद्यकीय चाचण्यांतून मिळालेला भक्कम पुरावा नाही. तेल केसावर बसतं, केस काळा आणि जाड दिसतो, दोन तंतू चिकटून एक ठसठशीत रेघ होते, आणि ती वाढ वाटते. दिसणारा केस मृत असतो, त्याला बाहेरून पोसता येत नाही. उलट वरच्या पापणीच्या कडेला डोळ्यासाठी तेल सोडणाऱ्या ग्रंथींची २५ ते ४० छिद्रं असतात, आणि दाट तेलाचा रोजचा थर तिथे काही उपयोगाचा नाही. डोळ्यात उतरलं की सकाळी धूसर दिसतं ते वेगळंच. कोरडे, ठिसूळ झालेले केस तुटू नयेत म्हणून काही लावायचंच असेल तर पेट्रोलियम जेलीचा किंचितसा हात पुरे. तिनंही केस उगवत नाहीत, आणि एक्स्टेन्शन अजून असतील तर ते काम नंतरचं.

“टोकं कापली की जाड येतात”

मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेनं दाढीच्या केसांवर १९२८ मध्येच दाखवलं होतं की कापल्यानं केसाची जाडी किंवा वेग बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असल्यानं जाड भासतं, एवढंच. शंभर वर्षं होत आली, कात्री अजून हातात आहे.

“बायोटिन घ्या”

शरीरात बायोटिनची कमतरता असेल तर केस गळतात आणि भरून काढल्यावर येतात. अशी कमतरता क्वचितच असते. ती नसताना गोळ्यांनी पापण्या दाट होतात असा पुरावा नाही. मात्र एक गोष्ट या मजकुरात कधीच नसते: बायोटिनचा मोठा डोस रक्ततपासण्यांमध्ये घोळ घालतो. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. थायरॉइडच्या आणि हृदयविकाराचं निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा.

“नैसर्गिक सीरम, काही अपाय नाही”

केस खरोखर वाढवणारं औषध आहे: बिमाटोप्रोस्ट. ते आधी काचबिंदूवरचे थेंब म्हणून आलं. थेंब घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब व्हायला लागल्या, आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये एफडीएनं ०.०३ टक्क्यांच्या द्रावणाला विरळ पापण्यांसाठी मान्यता दिली. पूर्ण परिणाम दिसायला सुमारे १६ आठवडे लागतात. खऱ्याखुऱ्या औषधालाही १६ आठवडे, हे २१ दिवसवाल्यांनी लक्षात घ्यावं. ते बंद केलं की पापण्या हळूहळू पहिल्यासारख्या होतात. डोळे लाल होणं, पापणीची त्वचा काळवंडणं, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल दिसणं असे त्याचे परिणाम आहेत. बुबुळाचा रंग गडद झाला तर तो कायमचा. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

बाजारातल्या बऱ्याच ‘सीरम’मध्ये याच कुळातले पदार्थ असतात, बाटलीवर पान-फूल काढलेलं असलं तरी. घटकांच्या यादीत ‘प्रोस्ट’ हा तुकडा असलेलं नाव दिसलं, उदाहरणार्थ आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट, तर ते या गटातलं समजा. असा पदार्थ नसलेलं सीरम बहुधा केसाला फक्त ओलावा देतं. सुजलेल्या, सोललेल्या पापणीवर यातलं काहीच लावू नये.

“तोवर हलका सेट लावा”

ज्या केसांना भार पेलवला नाही त्यांच्यावर पुन्हा भार घालायचा, ही सूचना कोणाच्या सोयीची आहे ते उघड आहे. नवे केस बारीक आणि आखूड असताना त्यांना ग्लू लावू नये. निदान तीन-चार महिने थांबा. कृत्रिम पापण्यांच्या चिकटवायच्या पट्ट्या आणि लॅश लिफ्टही (स्वतःच्याच पापण्या वर वळवून घेणं) या काळात नको, लिफ्टमध्ये केसाची रचना रसायनानं मोडून पुन्हा बसवतात आणि ठिसूळ केस तिथे तुटतो. मस्करा लावलात तर वॉटरप्रूफ नको, तो काढताना घासावं लागतं. आयलायनरची बारीक रेघ विरळ जागा चांगली झाकते.

“लाल झाले, सुजले तर ग्लू सेट होतोय”

ग्लूचा वरचा थर काही सेकंदांत आणि उरलेला एक-दोन दिवसांत घट्ट होतो. त्या प्रक्रियेत पापणी सुजायचं काहीही कारण नाही. लावताना निघणाऱ्या वाफेनं डोळे काही तास चुरचुरू शकतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज, सूज, पापणीवर पुरळ आलं तर ती अॅलर्जी असण्याची शक्यता मोठी. जपानी डॉक्टरांनी २०१२ मध्ये एक्स्टेन्शननंतर त्रास झालेल्या १०७ जणींची नोंद प्रसिद्ध केली. त्यात ६४ जणींच्या डोळ्याच्या पृष्ठभागाला दाह झाला होता आणि ४२ जणींना पापण्यांची अॅलर्जी होती. अशी अॅलर्जी एकदा जडली की पुढच्या वेळी लवकर आणि जोरात उठते. आणखी एक: शस्त्रक्रियेनंतर टाक्यांऐवजी जो ग्लू वापरतात तोही सायनोअॅक्रिलेटच, त्यामुळे ही अॅलर्जी पुढे कुठल्याही शस्त्रक्रियेआधी सांगायला हवी.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा घाण येत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना ग्लूचं आणि रिमूव्हरचं नाव पार्लरमधून लिहून घ्या, जमल्यास बाटलीवरच्या घटकांचा फोटोही. आणि एक्स्टेन्शन कधीच न लावलेल्या पापणीचे, किंवा पापण्यांबरोबर भुवयांचेही केस जात असतील तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिथे कारण थायरॉइड किंवा चाईसारखं दुसरंच असू शकतं आणि त्याचा उपचारही वेगळा असतो.