बोर्शला 14 पाउंड चालतात, मग पिठल्याला 450 रुपये का नाहीत?

आमच्या फॅमिली ग्रुपवर मागच्या महिन्यात जे भांडण झालं त्यावर मला तेव्हाच लिहायचं होतं, राहून गेलं, पण राहिलं ते बरंच झालं कारण मधल्या काळात मी एका ठिकाणी जेवून आले आणि आता मला काय म्हणायचंय ते मलाच नीट कळलंय. झालं असं की माझ्या मावसभावाने पुण्यातल्या एका नव्या रेस्टॉरंटच्या मेनूचा फोटो टाकला. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा, 450 रुपये. बस, सगळे तुटून पडले. एक म्हणतो एवढ्यात चार किलो बेसन येतं, मामी म्हणाल्या दहा मिनिटांत घरी होतं त्याला कोण पैसे देतं, एकाने तर सरळ लिहिलं की ही मराठी माणसाची लूट आहे. आणि हेच सगळे लोक 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ग्रुपवर पेढे वाटत होते, पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा दिवसरात्र लिहीत होते आणि 29 जूनला सरकारने तो मागे घेतला तेव्हा नाचले होते. मीही नाचले होते, इथे लंडनमध्ये, किचनमध्ये एकटीच. त्यामुळे त्यांच्या मराठीच्या प्रेमावर मला शंका नाही. पण पाटी मराठी हवी म्हणून भांडणारा माणूस ताट मराठी असलं की किंमत पाडून मागतो, हे मला फार लागलं.

आता जेवणाचं सांगते. आमच्या शेजारी एक काकू राहतात, खारकिव्हच्या, साठी उलटलेली. 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडने युक्रेनच्या लोकांना घरात ठेवून घ्यायची योजना काढली त्यात त्या आल्या, आधी एका इंग्रज कुटुंबाकडे होत्या आणि आता मुलीबरोबर आमच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये. आमची ओळख झाली ती गेल्या डिसेंबरात, त्यांनी एक वाडगा आणून दिला, त्यात कुत्या, म्हणजे त्यांचा नाताळचा पदार्थ. शिजवलेला अख्खा गहू, मध, वाटलेली खसखस, अक्रोड, मनुका. मी मिरजेची. पहिला घास खाल्ला आणि मला खपली गव्हाची खीर आठवली, गूळ आणि नारळ नाही एवढंच. मी त्यांना तसं सांगितलं तर त्यांना विश्वासच बसेना की भारतात कुणी अख्खा गहू शिजवून गोड करून खातं. भारतीय म्हणजे काय हे मात्र त्यांना चांगलं माहीत होतं, खारकिव्हमध्ये आपली मेडिकलची पोरं हजारोंनी होती, त्यांच्या हॉस्टेलच्या गल्लीत संध्याकाळी फोडणीचा वास यायचा म्हणे. युद्ध सुरू झाल्यावर भारत सरकारने मुलांना परत आणलं त्या ऑपरेशन गंगामध्ये जी मुलं परत आली त्यात आपल्या महाराष्ट्रातलीही होती, त्या दिवसांत आपण सगळेच टीव्हीला चिकटून होतो.

तर मे महिन्यात त्यांच्या मुलीला नोकरीत बढती मिळाली आणि त्यांनी आम्हा दोघांना जेवायला नेलं, पश्चिम लंडनमधल्या एका चांगल्या महागड्या युक्रेनी रेस्टॉरंटमध्ये. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, मातीचे वाडगे, भिंतीवर लाल-काळ्या भरतकामाचं एकच कापड, बाकी काही नाही. मेनूत पहिली ओळ बोर्श, 14 पाउंड. माझ्या नवऱ्याने लगेच डोक्यात रुपये केले, मी ओळखलं चेहऱ्यावरून, मी पण तेच केलं होतं, पंधराशेच्या वर. बिटाच्या सुपाला.

मग तो वाडगा समोर आला. लालभडक, वर स्मेताना म्हणजे आंबट घट्ट साय, आणि त्यावर बारीक चिरलेला शेपू. हो, आपला शेपू, ज्याच्या भाजीला अर्धा महाराष्ट्र नाक मुरडतो. बाजूला लसणाचं तेल लावलेले छोटे पाव, त्यांना पाम्पुश्की म्हणतात. हा नवऱ्याचा, मी मात्र हिरवा बोर्श घेतला होता, तो वसंतात करतात, आत उकडलेलं अंडं आणि एक आंबट पाला. दुसऱ्या चमच्याला मी थांबले. हा तर आंबट चुका! नंतर घरी येऊन बघितलं तर खरंच त्यांचा श्चावेल आणि आपला चुका भाऊभाऊ आहेत, एकाच कुळातले. माझी आई चुक्याची पातळ भाजी डाळ-दाणे घालून करते, जुडी पाच-दहा रुपयांना मिळते आणि पाहुणे आले की ती भाजी कधीच करत नाही. पाहुणे आले की पनीर.

या बोर्शवरून केवढं रामायण झालंय ते मला काकूंच्या मुलीने सांगितलं. 2019 मध्ये रशियाच्या परराष्ट्र खात्याने ट्विट केलं की बोर्श हा रशियाचा प्रसिद्ध पदार्थ, त्यावर युक्रेनचे लोक खवळले. येवहेन क्लोपोतेंको नावाचा एक तरुण शेफ आहे, त्याने ही गोष्ट हातात घेतली, पाठपुरावा केला, 2020 मध्ये युक्रेनने बोर्श आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत घातला आणि 1 जुलै 2022 ला, ऐन युद्धात, युनेस्कोने युक्रेनची बोर्श करायची परंपरा तातडीने जपायला हवी अशा वारशाच्या यादीत घेतली. युनेस्कोने मालकी कुणाच्या नावावर केली नाही हेही खरं, बोर्श पोलंडमध्येही करतात, रशियातही करतात. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते क्लोपोतेंकोचं दुसरं काम. त्याने 2019 मध्ये कीव्हमध्ये रेस्टॉरंट काढलं ते सोव्हिएत काळाच्या आधीचं युक्रेनी जेवण शोधून वाढायला, आणि शाळेतल्या पोरांच्या जेवणाचा मेनूही सुधारायला घेतला. म्हणजे एका हाताने महागडं टेबल आणि दुसऱ्या हाताने शाळेची खानावळ. सोव्हिएत काळात सगळ्या कँटीनना एकाच साच्यातल्या पाककृती होत्या, इकडून तिकडे एकच चव, गावोगावचं वेगळेपण त्यात पुसलं गेलं. काकू म्हणाल्या आमच्या लहानपणी बाहेर चांगलं जेवायचं म्हणजे युक्रेनी जेवायचं असं कुणाच्या मनातही यायचं नाही, ते आजीकडे खायचं.

ते आजीकडे खायचं! अगदी हेच तर आपण म्हणतो. फरक एवढाच की त्यांच्यावर साम्राज्य बसलं होतं, आपल्या पिठल्यावर कुणी बंदी घातली नव्हती. आपलं आपणच ठरवलं की हे घरचं, म्हणजे फुकटचं. लग्नात बघा, चाट काउंटर, चायनीज, पास्ता लाइव्ह, आणि मराठी म्हणून एका कोपऱ्यात मसालेभात. दीडशे रुपयांची कॉफी कुरकुर न करता पितो, सातशेचा पिझ्झा मागवतो, आणि भाकरी थापणाऱ्या बाईने तीस रुपये सांगितले की "अहो ताई, वीसला द्या ना". मामी म्हणतात दहा मिनिटांत होतं. मामी, भाकरी नीट थापता यायला तुमची किती वर्षं गेली? हात पोळले ते कुणी मोजले? घरात बायकांनी फुकट केलं म्हणून बाहेरही ते स्वस्तच हवं, माझ्या मते या भांडणाच्या मुळाशी हे आहे, बेसनाचा भाव नाही.

आता मावसभावाची बाजूही सांगते कारण तो काही चुकीचं बोलला नाही. त्याचं म्हणणं असं की पिठलं-भाकरी हे कष्टकऱ्यांचं अन्न, ते साडेचारशेला विकलं की ज्याचं आहे तोच दाराबाहेर राहतो. हे मला त्या टेबलावर बसूनही टोचत होतं, कारण काकू स्वतःच्या पैशाने तिथे कधी गेल्या नसत्या. आणि मराठी फाइन डायनिंग म्हटलं की त्यात काय येतं हाही प्रश्न आहेच, अळूवडी येते, आमरस येतो, पण सुकट येते का, वजडी येते का, की अर्ध्या महाराष्ट्राचं ताट पुन्हा दाराबाहेर? युक्रेनवाल्यांनी निदान सालो, म्हणजे डुकराची खारवलेली चरबी, शेतावरच्या माणसाचं खाणं, ते मेनूच्या वरच ठेवलंय, पातळ काप करून, राईच्या ब्रेडवर. लपवलं नाही. आपल्याला असं करता आलं तर मी म्हणेन ठेवा साडेचारशे, आणि शेजारी साठ रुपयांत पिठलं-भाकरी देणारी बचत गटाची बाईसुद्धा जगू दे, तिच्याशी घासाघीस करू नका. दोन्ही असावं. मुंबईत महागडं गुजराती थाळीचं हॉटेल आहे म्हणून रस्त्यावरचा ढोकळा कुणी बंद केला नाही.

जेवताना एक गोष्ट बघितली ती डोक्यातून जात नाही. ब्रेड संपला, टेबलावर चुरा पडला होता, वेटर साफ करायला आला तर काकूंनी हाताने त्याला थांबवलं आणि बोटाने सगळा चुरा गोळा करून तळहातावर घेतला आणि तोंडात टाकला. एवढ्या पॉश जागेत, कुणाकडे न बघता. त्यांची आई होलोडोमोरच्या वेळची, 1932-33 मध्ये स्टालिनच्या राज्यात घराघरातून धान्य उचलून नेलं आणि लाखो माणसं उपाशी मेली, तेव्हा ती चार वर्षांची होती. मला माझी आजी दिसली. 72 च्या दुष्काळात तिने लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी केल्या, दुष्काळात वाटायचे ती सुकडी खाल्ली, मरेपर्यंत शिळ्या भाकरीचा तुकडा टाकला नाही, कुस्करा करायची फोडणी देऊन. तो कुस्करा कुणी मला इथे 14 पाउंडाला दिला तर मी देईन, आणि वाढणाऱ्याला विचारेन की कुठून शिकलास बाबा.

शेवटी वारेनिकी आले, चेरी भरलेले, दिसायला छोट्या करंज्याच, फक्त तळलेले नाहीत, उकडलेले. मी काठ बघत बसले, कारण कापलेला किंवा काट्याने दाबलेला काठ नव्हता, हाताने घातलेली मुरड होती, अगदी आईची असते तशी. काकूंना म्हटलं, आमच्याकडे याला मुरड म्हणतात, आणि गौरी-गणपतीत गौरी जायला निघाली की तिला मुरडीचा कानवला देतात, मुरडून परत ये म्हणून. मुलीने ते त्यांना युक्रेनी भाषेत सांगितलं. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला, मुलीला पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग मला त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, खारकिव्हला जाईन तेव्हा मला एक करून दे, तुझ्या हातचा.

रात्री घरी येऊन मी ग्रुपवर त्या मेनूचा फोटो टाकला, बोर्श 14 पाउंड, आणि खाली लिहिलं की डिसेंबरात येतेय, पुण्यातल्या त्या ठिकाणी आपल्या सगळ्यांचं टेबल मी बुक केलंय, बिल माझं. सकाळी बघितलं तर बाकी कुणी काही लिहिलं नव्हतं. फक्त मामींचा मेसेज होता. "ठेचा पाट्यावरचा आहे की मिक्सरचा, विचारून ठेव."