नोकरी देणारे व्हा, अर्ज दोन प्रतींत

धंदा करायचा असेल तर हा लेख इथेच सोडा. मार्केट यार्डात एखाद्या गाळ्यावर चार-सहा महिने उभे राहा, रात्री माल उतरवून घ्या, दिवसा उधारी वसूल करा, बरंचसं कळेल. हा लेख आहे तो धंद्याची दगदग न करता उद्योजक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी. त्याला विद्यापीठासारखी दुसरी जागा नाही, आणि विद्यापीठांना पुण्यासारखं दुसरं शहर नाही. कोणतं विद्यापीठ, हे विचारू नका. टेकडीवरचं असो की हायवेलगतचं, सरकारी असो की अभिमत, इन्क्युबेशन सेंटरची, म्हणजे नवे धंदे उभे करायला मदत करणाऱ्या केंद्राची, काचेवरची अक्षरं सगळीकडे एकाच पेंटरने काढल्यासारखी दिसतात.

विद्यापीठात उद्योजकता समईपासून सुरू होते. पाहुणे पाऊण तास उशिरा येतात, विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीवर विनोद करतात, शाल-श्रीफळ होतं आणि मग ते वाक्य येतं: ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा.’ हे वाक्य म्हणणाऱ्याला सातवा वेतन आयोग लागू असावा, असा संकेत आहे. खरोखर नोकऱ्या देणाऱ्या माणसाला या व्यासपीठावर चुकूनही बोलावू नये. तो पीएफचं चलन, जीएसटीचं रिटर्न, थकलेली येणी असलं काहीबाही बोलतो आणि पोरं घाबरतात.

तुम्ही काय करायचं? पहिल्या दोन रांगांत बसायचं. फोटोत तेवढ्याच येतात.

फोटोला हलक्यात घेऊ नका. केंद्राने 2018 मध्ये कॉलेजांकॉलेजांत ‘इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल’ सुरू केल्या. त्यांचं तिमाही वेळापत्रक असतं, कार्यक्रम करायचे, अहवाल पोर्टलवर चढवायचा, आणि कामगिरीप्रमाणे कॉलेजला तारे मिळतात. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येते तेव्हा तीही ‘इनोव्हेशन इकोसिस्टिम’ नावाखाली पुरावे मागते, आणि पुरावा म्हणजे जिओटॅग केलेला फोटो. त्यावर अक्षांश-रेखांश असतात, त्यामुळे उद्योजकता नेमकी कुठे घडली ते कळतं. घडली का, असा रकाना माझ्या पाहण्यात नाही. कार्यशाळा मोजता येते, धंदा मोजायला पाच-सात वर्षं थांबावं लागतं, आणि नॅकची समिती सोमवारी येणार असते.

आता एक सावधगिरीची सूचना. 2019 मध्ये त्या वेळच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण काढलं. ते वाचू नका. वाचलंत तर मनस्ताप होईल, कारण ते बरं आहे. संस्थेने वार्षिक अंदाजपत्रकातला किमान 1 टक्का यासाठी राखावा, असं त्यात आहे. मोठ्या प्रोजेक्टऐवजी विद्यार्थ्याचं स्टार्टअप धरता यावं, असं आहे. शिकत असताना कंपनी नोंदवायला कॉलेजचा पत्ता वापरू द्यावा, असंही आहे. आणि स्टार्टअप चालवणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली तरी त्याला परीक्षेला बसू द्यावं, असं चक्क छापलंय. फक्त त्यासाठी संस्थेची रीतसर परवानगी घ्यायची.

ती परवानगी साधारण अशी मिळते.

‘सर, ते हजेरीचं धोरण...’

‘डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव बघितलंस का?’

‘तेच, सर. कंपनीच्या कामासाठी चाकणला जावं लागतं. धोरणात लिहिलंय की...’

‘टर्म ग्रँट होणार नाही. उद्या आई-वडिलांना घेऊन ये. आणि हो, शनिवारी उद्योजकता दिन आहे. कंपल्सरी आहे, हजेरी घेणार.’

म्हणून म्हणतो, कंपनी काढू नका, आयडिया काढा. आयडियाला हजेरीची अडचण नसते. ती मात्र जपून निवडायला हवी. चांदवडकडून आलेला एखादा पोरगा उभा राहतो आणि सांगतो, आमच्या चाळीत साठवलेला कांदा खालून सडायला लागतो, वास येईपर्यंत कळत नाही, तोवर शेजारचा कांदाही गेलेला असतो. आधी कळेल असं काहीतरी स्वस्तात करायचंय. परीक्षक चष्मा काढून विचारतात, ‘यात एआय कुठे आहे?’ पोरगा खाली बसतो. पुढच्याने आयुष्यात खुरपं धरलेलं नसतं, पण त्याच्या स्लाइडवर ड्रोन असतो, ढग असतो, ढगातून बाण शेतकऱ्याच्या मोबाइलवर येत असतो आणि फेटा बांधलेला शेतकरी हसत असतो. पहिलं बक्षीस त्याला. तुम्हीही ड्रोन घ्या. ड्रोन जमत नसेल तर हिंजवडीच्या ट्रॅफिकवर ॲप काढा. ते दरवर्षी कोणीतरी काढतं, ट्रॅफिक आहे तिथेच आहे, त्यामुळे विषय शिळा होण्याची भीती नाही.

पाषाण रस्त्याला लागलात तर एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, बाजूला व्हेंचर सेंटर लागेल. तिकडे वळू नका. 2007 पासून तिथे विज्ञानावर उभ्या राहणाऱ्या कंपन्यांना प्रयोगशाळेची जागा, उपकरणं आणि पेटंटची बाजू समजावणारी माणसं मिळतात. अशा ठिकाणी प्रयोग करावा लागतो आणि तो फसू शकतो. आपल्या सेंटरमध्ये बीन बॅग आहेत.

प्राध्यापक मंडळी, तुम्ही बीन बॅगवर बसू नका, कंबर धरते. तुमचा मार्ग पेटंटचा. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण एवढ्या कमी कष्टांत एवढा मान दुसरीकडे मिळत नाही. भारतात पेटंटचा अर्ज केला की 18 महिन्यांनी तो आपोआप प्रकाशित होतो. त्यात काही दम आहे का, हे तोवर कोणी पाहिलेलं नसतं. घाई असेल तर जादा फी भरून लवकर प्रकाशित करून घेता येतो. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून पेटंटच्या फीमध्ये 80 टक्के सवलत आहे, म्हणजे खर्चाचाही बाऊ नको. तो प्रकाशित झाला की फ्लेक्स लावायचा: ‘पेटंट पब्लिश झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ अर्जावर संशोधक म्हणून एचओडी, प्राचार्य, ज्यांच्या केबिनमध्ये चहा झाला ते, आणि पुढच्या अर्जावर आपलं नाव घालणार आहेत ते, अशी सगळी नावं घालायची. ज्या विद्यार्थ्याने रात्री जागून ते जोडलं त्याचं नाव शेवटी येतं, जागा उरली तर.

पेटंट मिळवायचं मात्र मनावर घेऊ नका. त्यासाठी तपासणीची वेगळी विनंती ठरलेल्या मुदतीत करावी लागते. मग परीक्षक शंका काढतो, त्यांना उत्तरं द्यावी लागतात, आणि एवढं करून मिळालं तर दरवर्षी नूतनीकरणाची फी भरायची आणि कोणीतरी ते विकत घेईल म्हणून फिरायचं. विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात आणि सगळं शांतपणे संपतं. तोवर पदोन्नतीच्या फायलीत कात्रण लागलेलं असतं.

कंपनीच काढायची हौस असेल तर धोरण तुमच्याही बाजूने आहे, हे नाइलाजाने सांगावं लागतं. नोकरीत राहून तुम्ही सल्लागार म्हणून स्टार्टअपला वेळ देऊ शकता. तीन महिन्यांहून जास्त काळ कार्यकारी पद सांभाळायचं असेल तर रजा घ्यायची. ही सवलत मागायला गेलेल्या प्राध्यापकाला विद्यापीठाने नाही म्हटलेलं नाही. त्याला परीक्षा विभागात पाठवलं, पेपर तपासणीचा समन्वयक केलं, प्रवेश समितीवर घेतलं, निवडणुकीच्या कामाचा आदेश हातात दिला. उरलेला वेळ त्याचाच आहे, साधारण रात्री अकरानंतर.

संस्थेने प्राध्यापकाला उद्योजक बनवल्याचं खणखणीत उदाहरण आपल्याकडे जुनंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत. हक्काची बढती डावलली गेली, ते नोकरी सोडून बेळगावला आले, सायकलच्या दुकानात लक्ष घातलं, 1903 मध्ये लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, तरी हटले नाहीत. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, त्यासाठी जागा औंधच्या राजांनी दिली. (औंध म्हणजे साताऱ्याकडचं संस्थान. पुण्यातल्या औंधचा परिहार चौक नव्हे.) बढती नाकारणं, याहून परिणामकारक पाठबळ मला तरी ठाऊक नाही.

आणि या बाबतीत आजची महाविद्यालयं फार पुढे गेली आहेत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक बघा. पीएचडी आहे, सेट-नेट आहे, तासाला ठरलेले पैसे, तेही महिनोनमहिने उशिरा, आणि सुट्टीत शून्य. तो सकाळी एका कॉलेजात शिकवतो, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा क्लास घेतो, एप्रिल-मेमध्ये देवगडहून हापूसच्या पेट्या मागवून सोसायट्यांमध्ये पोचवतो. भांडवल त्याचं, जोखीम त्याची, हमी कोणाचीच नाही. दहा-दहा वर्षं संस्थेने त्याला या अवस्थेत टिकवून धरलं आहे. उद्योजकता कक्षाचा समन्वयक म्हणून बहुतेक त्यालाच नेमतात, मानधनाशिवाय, आणि कायम असलेले सहकारी त्याला सांगतात की आयुष्यात रिस्क घ्यायला शिकलं पाहिजे.

हिश्श्याचंही सांगून टाकतो. जागा, नाव आणि सोयी वापरू दिल्याबद्दल संस्थेने स्टार्टअपमध्ये 2 ते 9.5 टक्के भागीदारी घ्यावी, असं धोरण सुचवतं. साडेनऊच का, दहा का नाही? त्याचं उत्तर धोरणातच आहे: कंपनीमुळे उद्भवणारी कायदेशीर जबाबदारी संस्थेवर येऊ नये म्हणून. मला हा आकडा मनापासून आवडतो. बुडालात तर तुमचे तुम्ही, आणि चाललात तर वार्षिक अहवालात आपण दोघं.

आता माजी विद्यार्थी. तुमचं आणि विद्यापीठाचं नातं ट्रान्सक्रिप्टच्या खिडकीवर संपलं असं समजू नका. कंपनीची उलाढाल पेपरात छापून आली की तुमचा शोध सुरू होतो. सायरस पूनावाला बीएमसीसीत शिकले, 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. पुणे विद्यापीठाची पीएचडी त्यांनी 1988 मध्ये मिळवली, तेव्हा कंपनी 22 वर्षांची होती. क्विक हीलवाल्या काटकर बंधूंपैकी थोरले कैलास दहावीनंतर शिकलेच नाहीत. कॅल्क्युलेटर दुरुस्त करत त्यांनी पुण्यात दुकान थाटलं, आणि धाकट्या संजयना कॉम्प्युटर शिकायला लावलं. संजयनी पुणे विद्यापीठातून पदव्या घेतल्या आणि अँटिव्हायरस लिहिला. म्हणजे त्या यशात विद्यापीठाचा वाटा निम्मा धरायला हरकत नाही. थोरल्यालाही प्रवेश दिला असता तर काय झालं असतं कोण जाणे. तुम्ही मात्र माजी विद्यार्थी मेळाव्याला जरूर या. तुम्हाला मेंटॉर करतील. मेंटॉरने वर्षातून एकदा यायचं, पोरांना ‘पॅशन’ ठेवा म्हणून सांगायचं आणि सभागृहाच्या एसीसाठी देणगी द्यायची. पोरांना तुमच्याकडून पहिली ऑर्डर हवी असते. ती देऊ नका, सवय लागते.

ऑर्डरवरून आठवलं. इतकं सांगूनही एखादा हट्टी निघतो. समजा तुम्ही वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर लावायचं यंत्र केलंत. टाकी भरली की पंप बंद, रिकामी झाली की वॉर्डनच्या फोनवर निरोप. मागच्याच आठवड्यात गच्चीवरून दोन तास पाणी वाहिलेलं आहे, तुम्हीच बादली घेऊन उभे होता. तुम्हाला वाटतं, पहिलं गिऱ्हाईक दारातच आहे. तुम्ही कुलसचिव कार्यालयात जाता. ते प्रेमाने पाणी विचारतात आणि निविदा भरायला सांगतात. निविदेत मागच्या तीन वर्षांची उलाढाल, शासकीय संस्थांना पुरवठा केल्याची तीन प्रमाणपत्रं आणि बयाणा रक्कम मागितलेली असते. तुमच्या कंपनीला चौदा महिने झालेत. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत स्टार्टअपना उलाढालीच्या आणि अनुभवाच्या अटी शिथिल करण्याची तरतूद आहे, हे तुम्ही दाखवता. कार्यालयातल्या बाई म्हणतात, ‘केंद्राचा नियम आहे ना तो? मग आपल्याकडे त्याचं परिपत्रक यायला पाहिजे.’

निविदा नाना पेठेतल्या एका पुरवठादाराला मिळते. तो खुर्च्या, फिनेल आणि प्रोजेक्टर पुरवतो. पंधरा दिवसांनी त्याचा तुम्हाला फोन येतो: ‘ते टाकीचं यंत्र तुम्हीच बनवता ना? सहा नग पाहिजेत. विद्यापीठाला द्यायचेत. थोडं कमी करा, आणि पैसे त्यांचं बिल निघालं की.’

द्या. कमी करून द्या, पाठ थोपटून घ्या. यंत्रावर तुमच्या नावाचं स्टिकर असेल तर ते तेवढं काढून द्या, त्याला त्याचं लावायचं असतं. विद्यापीठाचं बिल मार्च एंडला निघेल, न निघाल्यास पुढच्या. तोवर सेंटरच्या मॅडमचा निरोप येईल की तिमाही अहवालासाठी तुमच्या कंपनीची माहिती हवी आहे, ‘विद्यापीठाकडून मिळालेलं सहकार्य’ या रकान्यात किमान 150 शब्द लिहा, आणि आजच पाठवा, पोर्टल रात्री बारा वाजता बंद होतंय.