आधी नावाची अक्षरे मोजा

संकेतस्थळावर वाचण्याजोगे काही आहे का, ही चिंता नंतर करा. जमल्यास करूच नका. गूगलवर वर यायचे असेल, तर पट्टी काढा आणि डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचे, नाव मोजा. नाव जितके आखूड, तितके स्थळ वर.

पुरावा हवा? पहिल्या पानावर झळकणारी मोठमोठी स्थळे पाहा. नावे कशी आटोपशीर! एवढ्यावर सिद्धांत उभा राहतो. आता कुणीतरी शंकेखोर निघेलच. तो म्हणेल, छोटी नावे सुरुवातीला आलेल्यांनी पटकावली, किंवा नंतर पैसेवाल्यांनी विकत घेतली. ‘व्हॉइस डॉट कॉम’ २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला विकले गेले. नावावर एवढे उधळणाऱ्याकडे जाहिरातीला आणि मजकुरालाही पैसे असतात, लोक त्याच्या नावाने शोध घेतात, इतर स्थळे त्याला दुवे देतात आणि तो त्यामुळे वर येतो. अशा माणसाच्या नादी लागू नका. उंच माणसांचे बूट मोठे असतात, तेव्हा मोठे बूट घातले की उंची वाढणारच.

सर्वांत उत्तम म्हणजे एकाक्षरी नाव. दुर्दैवाने डॉट कॉममध्ये एक्स, क्यू आणि झेड एवढीच गेली आहेत. बाकीची १९९३ पासून राखून ठेवलेली आहेत. त्यातले ‘एक्स डॉट कॉम’ इलॉन मस्क यांनी २०१७ मध्ये परत विकत घेतले, तेव्हा त्या पानावर फक्त ‘एक्स’ एवढाच मजकूर होता. नावही एकाक्षरी, पानही एकाक्षरी. आदर्श म्हणतात तो हाच.

ते परवडणार नसेल तर आपल्या नावातले स्वर उपटून टाका. उरलेली व्यंजने कुणाला उच्चारता येणार नाहीत, फोनवर सांगितली तर टाइप करता येणार नाहीत. पण अक्षरे वाचली ना? देवनागरीत मात्र नाव घेऊ नका. चार अक्षरांचे नाव यंत्रणेच्या पोटात ‘एक्स-एन’ने सुरू होणाऱ्या लांबलचक रोमन सांकेतिक रूपात जाते. आपल्याला ते दिसत नाही, पण पट्टीला दिसते.

याच्या नेमके उलट सांगणारा पंथही आहे, आणि तोही तितकाच शास्त्रशुद्ध आहे. लोक जे शोधतात ते सगळे शब्द हायफनने जोडून नावातच कोंबावेत, असे तो म्हणतो. दोन टिंबांमध्ये ६३ अक्षरे मावतात. एकही वाया का घालवा? सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलने अशा शब्दजुळणीवर तरलेल्या सुमार स्थळांना खाली ढकलले, हे या पंथात बोलायचे नसते. डोमेनमधल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असे गूगलच्याच नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत छापले आहे. पण आपण नवशिके थोडेच आहोत?

डोमेन विकणारे आणखी एक लांबी सुचवतील: नावाच्या नोंदणीच्या मुदतीची. दहा वर्षांचे पैसे एकदम भरा, गूगलला तुमच्या निष्ठेचे कौतुक वाटेल. या समजुतीचे मूळ गूगलच्याच २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पेटंट अर्जात आहे. चांगल्या डोमेनचे पैसे बऱ्याचदा अनेक वर्षांसाठी आगाऊ भरलेले असतात, असे त्यात म्हटले होते. क्रमवारीसाठी आम्ही ते पाहत नाही, असे गूगलच्या लोकांनी पुढे सांगितले. पण पेटंट कसे, छापील असते. खुलासा काय, नुसता तोंडी.

नवे, आखूड नाव मिळाले की जुने तत्काळ सोडून द्या. जुन्या पत्त्यांवर येणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी कायमची वळवणूक (तिचा सांकेतिक क्रमांक ३०१) लावणे, शोध इंजिनला बदल कळवणे ही रिकामटेकड्यांची कामे. तुम्हाला वर्षानुवर्षे मिळालेले दुवे त्या लांबड्या नावाकडेच बोट दाखवत राहतील. मुदत संपली की ते नाव कुणीतरी उचलेल, आणि गूगलने त्याला पकडेपर्यंत काही दिवस तुमच्याच दुव्यांवर बसून तुमच्या वर दिसेल. त्याला ईमेल करा आणि नाव फार मोठे आहे, असे प्रेमाने समजावून सांगा.