अस्सल कागद न बघता इतिहासतज्ज्ञ कसं व्हायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मूळ साधनं शोधायची नसतात, ती आहेत असं ठासून म्हणायचं असतं. "इतिहासात तशी नोंद आहे" एवढं पुरतं. कुठल्या इतिहासात, कुठल्या पानावर असं कोणी विचारलंच तर त्याची जात काढायची, विषय तिथंच खलास. त्यात आपण निवडलाय दलित-बहुजनांच्या शिक्षणाचा आणि हक्कांचा इतिहास, म्हणजे मत सगळ्यांना आहे आणि कागद बघितलाय मोजक्यांनी. असं मोकळं रान परत मिळायचं नाही.

सुरुवात फोटोपासून करा. फेटा, शाल, खाली दोन ओळी, त्याखाली ज्याचं नाव सुचेल त्याचं नाव. सावित्रीबाईंच्या नावावर तर आजकाल असं मराठी फिरतं की ते 1850 साली कोणी बोललं असतं तर लोकांनी काय म्हटलं हेच परत विचारलं असतं. चालतंय की. लाईक भाषेला नाही, फोटोला पडतात.

आता फातिमा शेख, सावित्रीबाईंची शाळेतली सहकारी म्हणून जिचं नाव घेतात ती. इथं दोनच पार्ट्या आहेत, एक 9 जानेवारीला जयंतीचे बॅनर लावणारी (2022 ला गूगलने डूडल पण केलं, त्यामुळे त्या तारखेला आधार काय हे विचारायचं नाही, गूगलपेक्षा मोठा दप्तरखाना आहे का कुठला) आणि दुसरी अशी बाई झालीच नाही म्हणणारी. 2025 च्या जानेवारीत तर एकाने हे पात्र मीच रचलं असं जाहीर करून टाकलं आणि दोन दिवस सगळ्यांना कामाला लावलं. तुम्ही कुठल्यातरी एका पार्टीत जा, पण सावित्रीबाईंनी आजारपणात माहेरी असताना, 10 ऑक्टोबर 1856 ला, जोतीरावांना लिहिलेलं पत्र चुकूनही उघडू नका. छापील समग्र वाङ्मयात आहे ते. त्यात फातिमाला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करायची नाही अशा अर्थाची एक ओळ आहे. एकच ओळ. बाई होती एवढं त्यातून कळतं, आणि आपण तिच्याबद्दल जे जे सांगत सुटलोय त्यातलं बाकी काही त्या ओळीतून निघत नाही हेही कळतं, म्हणजे दोन्ही पार्ट्यांची एकदम पंचाईत. असला कागद काय कामाचा.

फुल्यांचं पण तेच. मुलींची शाळा 1848, भिडेवाडा, पाठ करा आणि थांबा. कारण फुल्यांनी 19 ऑक्टोबर 1882 ला शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनला जे निवेदन दिलं, इंग्रजीत दिलं बरं का, त्यात त्यांनी मुलींच्या शाळेचं साल आठवणीने 'सुमारे अमुक' असं सांगितलंय आणि ते 1848 नाही. आता काय करणार? माणूस तीस-पस्तीस वर्षांनी आठवून सांगतोय, मग त्या काळातली वर्तमानपत्रं आणि शाळेचे रिपोर्ट शेजारी ठेवून ताडून बघावं लागतं, म्हणजे एक कागद बघायला गेलात की चार गळ्यात पडतात. त्यापेक्षा ज्याने हे दाखवलं त्यालाच फुले-विरोधी ठरवा, पाच मिनिटाचं काम. त्याच निवेदनात पैसा रयतेचा आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर हा हिशेब आहे, निदान 12 वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा ही मागणी आहे, आणि मास्तर असा हवा की वेळ आली तर नांगराचं रुमणं धरायला लाजणार नाही असंही आहे, पण हे सगळं बॅनरवर मावत नाही, सोडा.

एवढं सांगूनही काहींना दप्तरखान्यात जायची खाज असते. मला होती. गेलो एका ठिकाणी, कुठल्या ते सांगत नाही, परत जायचंय तिथं. आधी अर्ज, मग ओळखपत्र, मग संशोधनाचा विषय काय, तर मी भाबडेपणाने लिहिलं 'अस्पृश्यांचे शिक्षण'. काउंटरवरचे काका म्हणाले, असा विषय नसतो आमच्याकडे, खातं सांगा, साल सांगा. आणि चिडलो तरी खरं तेच होतं हो! सरकारने कागद आपल्या दुःखाप्रमाणे लावलेलेच नाहीत, शिक्षण खातं, अमुक साल, अमुक व्हॉल्यूम असे लावलेत, तुम्हाला जे पाहिजे ते कुठल्यातरी फर्निचरच्या मंजुरीच्या आणि मास्तरच्या बदलीच्या मधे दडलेलं असतं. पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. तिसऱ्या दिवशी एक बाड आलं, उघडलं तर कसर लागून पानाची जाळी झालेली, आणि नेमकं पाहिजे ते पत्र मोडीत. मी मोडी शिकलेलो नाही. काका आले, चष्मा वर केला, दोन ओळी घडाघडा वाचल्या, म्हणाले हे पाटाच्या पाण्याबद्दल आहे, आणि चहाला गेले.

तेव्हा जाऊ नका. घरबसल्या पण धोका आहेच म्हणा, बाबासाहेबांचे इंग्रजी खंड राज्य सरकारनेच 1979 पासून छापलेत, पीडीएफ फुकट मिळतात, फुकट असल्यामुळे कोणी उघडत नाही हे आपलं नशीब. मुक्ता साळवे 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहून गेली, शाळकरी पोर, आणि वेद जर तुमचेच तर मग आमचा धर्म कुठला ते सांगा असं थेट विचारलं तिने. तो निबंध पूर्ण वाचायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच वाचू नका, नंतर पोस्टरवरच्या ओळी फार पांचट वाटायला लागतात.

आणि साताऱ्याच्या शाळेचं ते रजिस्टर, 7 नोव्हेंबर 1900, भिवा रामजी आंबेडकर (म्हणजे बाबासाहेबच), क्रमांक 1914. त्याचा फोटो मात्र जरूर शेअर करा, फक्त वरखालची नावं वाचत बसू नका.

सगळ्यात शेवटी धारवाड. जून 1856, एका महार मुलाला सरकारी शाळेत घेतलं नाही, त्याच्या वतीने अर्ज गेला, आणि 21 जुलैला मुंबई सरकारने प्रेस नोट काढली की न्याय तुमच्या बाजूने आहे हे कबूल, पण एका पोरासाठी बाकी सगळ्यांची शाळा कशी ओस पाडायची. बाबासाहेबांनी 1928 ला सायमन कमिशनपुढे शिक्षणाचं निवेदन ठेवलं तेव्हा सरकारचेच जुने कागद काढून हे प्रकरण मांडलं, स्वतः शोधून, त्यांना बहुतेक दुसरी कामं नसावीत. आपण मात्र हे प्रकरण हाताळायचं नाही. मुलाचं नाव त्या नोटमध्ये नाही, नुसतं 'महार मुलगा'. फोटो नाही, जन्मतारीख नाही, पुढं काय शिकला पत्ता नाही. बॅनरवर लावणार काय?