हॅमेलिनला राजा नव्हता, मावशी

परवा रात्री साडेअकराला मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि सकाळी भाचीने तो शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवूनही काढला. आता वही खोडायचं काम माझ्याकडे. फॉरवर्डचं म्हणणं असं: जर्मनीतल्या हॅमेलिन गावात १२८४ साली उंदरांमुळे प्लेग आला, कंजूष राजाने पुंगीवाल्याचे पैसे बुडवले, १३० मुलं त्या प्लेगने गेली, आणि म्हणून त्या गावात आजही संगीताला बंदी आहे.

आधी प्लेग. ज्याला काळा मृत्यू म्हणतात तो १३४७ च्या ऑक्टोबरात जहाजांतून सिसिलीत मेसिनाला उतरला, जर्मनीत त्याच्याही नंतर पोहोचला. म्हणजे १२८४ नंतर साठाहून जास्त वर्षांनी! तोवर ही मुलं आजी-आजोबा झाली असती.

आणि उंदीर तर त्याहून उशिरा आले. या कथेची सर्वांत जुनी सविस्तर नोंद ल्युनेबुर्गच्या पंधराव्या शतकातल्या लॅटिन हस्तलिखितात आहे. त्यात तिशीतला एक देखणा, उंची कपड्यातला तरुण चांदीची बासरी वाजवत गावात शिरतो आणि १३० मुलं त्याच्यामागून निघून जातात. बस्स. उंदराचं शेपूटही नाही. उंदीर पहिल्यांदा दिसतात ते १५६० च्या आसपास, त्सिमर्न घराण्याच्या बखरीत, म्हणजे घटनेनंतर पावणेतीनशे वर्षांनी. उंदीर नाहीत तर ते पळवण्याची मजुरी कसली, आणि मजुरी नाही तर कुणी काय बुडवलं?

राजाचं तर नावच काढू नका. हे गाव वाढलं मठाभोवती, आणि तो मठ फुल्डाच्या मोठ्या मठाच्या ताब्यातला. १२५९ मध्ये फुल्डाने गावावरचे हक्क मिंडेनच्या बिशपला चक्क विकून टाकले. गावकरी चिडले, १२६० मध्ये झेडेम्युंडरला बिशपच्या फौजेशी लढले आणि सपाटून हरले. पुढे १२७७ पर्यंत गाव ब्रन्सविकच्या ड्यूककडे गेलं. मुलं गेली त्याच्या आधीच्या पंचवीस वर्षांत गावाने धनी बदलले ते असे. यात राजा कुठे बसवायचा ते मावशीनेच सांगावं.

मग मुलं गेली कुठे? काही अभ्यासकांच्या मते 'मुलं' म्हणजे गावची तरुण मंडळी, आणि तो बासरीवाला पूर्वेकडच्या नव्या वसाहतींसाठी माणसं गोळा करणारा दलाल. त्या काळात असे दलाल फिरत होते, त्यामुळे मला हे पटतं. पक्का पुरावा मात्र नाही.

संगीतबंदीचं थोडं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. बंदी गावभर नाही, एका गल्लीपुरती आहे. मुलं जिथून गेली म्हणतात त्या गल्लीत वाजवायचं नाही, लग्नाची वरातही तिथे आली की वाद्यं थांबवते. १२८४ आणि १३० हे आकडेही जुनेच आहेत, ते फॉरवर्डवाल्याने रचलेले नाहीत. वहीत तेवढे दोन राहू दिलेत.