नोटीस परत पाठवली म्हणून केस होत नाही? दाजींचं वॉरंट बघायला या

गेल्या सोमवारी दाजी आमच्या ऑफिसात आले. एका हातात मोबाईल, खिशात घडी घातलेलं जामीनपात्र वॉरंट. वॉरंट त्यांनी शेवटी काढलं, आधी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "हे वाच. ह्याच्यात लिवलंय की साफ. मग मला वॉरंट कसं काय येऊ लालंय?"

मी वकील नाही. उदगीरला एका वकीलसाहेबांकडं 19 वर्षांपासून कारकून आहे. नोटिसा टाइप करायच्या, लिफाफे चिकटवायचे, पोस्टाच्या पावत्या फाइलला टाचायच्या, तारखा आणायच्या. त्यामुळं मोबाईलवरच्या त्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये जे लिहिलंय त्याचा शेवट काय होतो ते मी रोज बघतो. फॉरवर्डचं नाव 'वकिलाची फी वाचवा, हे 6 कायदे पाठ करा'. खाली 'जनहितार्थ' आणि 'किमान 10 ग्रुपवर पाठवा'. दाजींना ते भावकीच्या ग्रुपवर आलं, तिथून माझ्या बहिणीच्या सासरच्या निम्म्या लोकांकडं पोचलं. सहा कायदे थोडक्यात असे: नोटीस घेऊ नका, घेतली नाही तर केसच होत नाही. चेक सिक्युरिटी म्हणून दिला असेल तर गुन्हा नाही. पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बोलावलं तर जायचं नाही, आणि नेलंच तर 24 तासांत सोडावंच लागतं. एक वर्ष नोकरी झाली की ग्रॅच्युइटी सगळ्यांना. जीएसटीवर दुकानाचं नाव आलं की ते नाव कायद्यानं तुमचं. आणि भागीदारीला 500 च्या बाँडवर नोटरी केली की बास.

पहिल्यापासून घेऊ, कारण दाजी बुडाले ते त्याच्यातच.

दाजींचं बी-बियाणं, खताचं दुकान आहे. ठोक व्यापाऱ्याकडून खरिपाचा माल उधारीवर उचलला, 1,86,000 चा चेक दिला. सोयाबीन निघाल्यावर व्यापाऱ्यानं चेक लावला, खात्यात पैसे नव्हते, परत गेला. मग वकिलामार्फत नोटीस आली. पोस्टमन दुकानात आला तेव्हा बहीण तिथंच होती. ती म्हणते, दाजींनी लिफाफा उलटा करून वकिलाचा शिक्का बघितला आणि म्हणाले, "घेत नसतो. सही केली की कर्ज कबूल केल्यासारखं होतंय." पोस्टमननं दोनदा विचारलं, मग लिफाफ्यावर निळ्या पेनानं लिहिलं: 'घेण्यास नकार, पाठविणाऱ्यास परत'. खाली तारीख आणि सही.

आता हा लिफाफा माझ्या बाजूनं बघा. असा लिफाफा परत आला की आम्ही तो फोडत नाही. तसाच, बंद, फाइलला लावतो. फिर्यादीसोबत तो कोर्टात दाखल होतो. घेतलेल्या नोटिशीपेक्षा परत आलेला लिफाफा कधीकधी जास्त कामाचा पडतो, कारण पोस्टाच्या माणसानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं असतं की पत्ता बरोबर होता, माणूस हजर होता, त्यानंच नको म्हटलं. दाजींना वाटलं त्यांनी पुरावा टाळला. त्यांनी तो तयार करून दिला.

आणि हे काही आमच्या साहेबांचं मत नाही. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 27 सांगतं की बरोबर पत्त्यावर, पोस्टाचे पैसे भरून, रजिस्टर्ड टपालानं पाठवलेलं पत्र पोचलं असंच धरायचं. (2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलंय, पण पावती आणि ट्रॅकिंग आहेच.) चेकच्या केसला हेच लागू आहे हे सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सी. सी. अलवी हाजी या प्रकरणात 2007 मध्ये सांगून टाकलं. पत्ताच चुकीचा होता, किंवा तुम्ही खरंच गावात नव्हता, तर तसं सिद्ध करायला वाट मोकळी आहे. पण सिद्ध तुम्ही करायचं. आणि 'घेण्यास नकार' असा शेरा असताना काय कपाळ सिद्ध करणार?

त्याच निकालात एक गोष्ट दाजींच्या फायद्याची होती, ती फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही. ज्याला नोटीस मिळालीच नाही म्हणायचं आहे, त्यानं कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकचे पैसे भरावेत आणि कोर्टाला तसं सांगावं, म्हणजे फिर्याद फेटाळा असं म्हणता येतं. जो तेवढंही करत नाही, त्याला नंतर नोटिशीच्या नावानं ओरडता येत नाही. दाजींनी काय केलं? समन्स घेऊन पोलीस आला तर पोराला सांगायला लावलं, "पप्पा पंढरपूरला गेलेत." पप्पा आत खताच्या पोत्यांमागं. त्यानंतर आलं ते वॉरंट.

हिशोब मांडून दाखवतो. बँकेनं चेक परत केल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत समोरच्यानं नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून, म्हणजे नाकारली त्या दिवसापासूनही, तुम्हाला 15 दिवस. त्यात पैसे दिले तर गुन्हाच होत नाही. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तो कोर्टात जातो. ते 15 दिवस दाजींच्या हातात होते. सोयाबीनचे 1,10,000 घरात होते. व्यापारी ओळखीचा, अर्धे घेऊन बाकीच्याला पाडव्यापर्यंत थांबला असता. आता गुन्हा नाकबूल केला तर कोर्ट चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं, म्हणजे 37,200 पर्यंत. शिक्षा झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर चेकच्या दुपटीपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. फी वाचवायला निघाले होते.

सिक्युरिटीच्या चेकबद्दल: चेक लावला त्या दिवशी देणंच उरलं नव्हतं, तर बचाव आहे. देणं उभं असेल तर 'सिक्युरिटी' हा शब्द तुम्हाला वाचवत नाही. सही तुमची म्हटल्यावर कायदा आधी असंच गृहीत धरतो की चेक देण्यापोटीच दिला. झालं.

पोलिसांच्या व्हॉट्सॲप नोटिशीचं मात्र, कबूल करायला जीवावर येतंय, अर्धं खरं आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली हजर राहायची जी नोटीस असते, ती पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2025 मध्ये बजावलंय. पण त्यावरून 'जायचंच नाही' हे कुठून काढलं? हीच नोटीस रीतसर हातात पडली आणि तुम्ही गेला नाहीत, तर अटक करायला पोलिसांना कारण मिळतं. गेलात, सहकार्य केलंत, तर कारणं लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणजे नोटीस ही तुमची ढाल आहे आणि हा शहाणा ती फेकून द्यायला सांगतोय. 24 तासांचं तर विचारूच नका. राज्यघटनेचं कलम 22 म्हणतं, 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. सोडावं लागतं असं त्यात कुठंच नाही. वकिलाला भेटायचा हक्क मात्र त्याच कलम 22 मध्ये आहे, तो फॉरवर्डवाल्यानं बरोबर वगळला.

ग्रॅच्युइटीवरून आमचा भाचा वाळूजहून दोनदा फोन करून भांडला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्या, त्यात ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर असलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, हे खरं. बाकीच्या बहुतेकांना आधीसारखीच पाच वर्षं. भाचा ठेकेदाराकडं, हातात कागद एकच, गेटपास. ठेकेदाराकडं आहे म्हणून तो आपोआप मुदतीच्या करारावरचा होत नाही. नेमणुकीचं पत्र माग म्हणून सांगितलं, तर म्हणाला फॉरवर्डमध्ये पत्राचं काही नाही.

जीएसटी हा कर भरायचा नंबर आहे बाबांनो. नाव राखायचं तर ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा, एकट्या माणसाला ऑनलाइन एका वर्गाचे 4,500 रुपये, नोंद झाली की 10 वर्षं. आधीपासून नाव वापरतोय असं जुन्या बिलांवरून दाखवता आलं तर थोडं संरक्षण आहे, पण आमच्याकडं जुनी बिलं उधईच्या पोटात असतात.

भागीदारीचं दुखणं उधारी वसूल करताना कळतं. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडं नोंद नसेल तर फर्मला बाहेरच्या गिऱ्हाइकावर व्यवहाराच्या पैशाचा दावा लावता येत नाही, 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 69. नोटरीचा लाल शिक्का कितीही गोल असू द्या.

मी वकिलाच्या जीवावर पोट भरतो म्हणून हे लिहितोय असं म्हणाल तर म्हणा. फी जड जाते हे मलाही दिसतं, लोक मंगळसूत्र मोडून येतात. पण मग फुकट वकील मिळतो ते तरी लिहायचं होतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार, अपंग, कोठडीत असलेला माणूस, यांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. 15100 ला फोन लावायचा, नाहीतर कोर्टात जाऊन तालुका समितीचं ऑफिस विचारायचं.

दाजींनी हे ऐकलं आणि लगेच विचारलं, "मग मी?" दाजी ह्यातल्या कशातच बसत नाहीत. बहीण बसते, पण चेकवर सही दाजींची आहे.