'घाबरलेल्या माशाचा आकडा' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

रोहूच्या बोटुकल्या, म्हणजे बोटभर पिल्लं, किती ऑक्सिजन वापरतात ते बंद बाटलीत कसं मोजायचं, या लेखावर तुम्ही लिहिलंत: "बंद बाटलीतला मासा घाबरलेला असतो, त्यामुळे तुमचा आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा आहे. तापमान दिलेलं नाही, बिनमाशाची बाटली शेजारी ठेवलेली नाही. असले पोरखेळ विज्ञान म्हणून खपवू नका."

तापमान द्यायला हवं होतं, मान्य. २० अंशाला लिटरभर पाण्यात ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला जेमतेम ७.५. लेखात भर घालतो. बिनमाशाची बाटली ठेवतात ती पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते वजा करायला. तिचं म्हणाल तर पाणी ताजं होतं, वेळ थोडा होता. तेवढ्यात जिवाणू सगळा ऑक्सिजन फस्त करत नाहीत.

पण पोरखेळ? ही कुठली बोलायची रीत? पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ पासून चालत आली आहे. बाटलीत तपकिरी साका बसतो, आम्ल घातलं की पाणी पिवळं होतं, स्टार्चने निळं, आणि थेंब थेंब थायोसल्फेट घालत गेलं की शेवटच्या एका थेंबाला तो निळा रंग जातो. तो थेंब चुकू नये म्हणून श्वास रोखून बसणाऱ्याला पोरखेळ म्हणायचं?

आणि मासा घाबरतो हे मला शिकवू नका. पलूसकडच्या आमच्या शेततळ्यावर माशांचं बी, म्हणजे याच बोटुकल्या, पिशव्यांतून टेम्पोने यायचं. एका खेपेला पिशवी सोडली तर निम्म्या बोटुकल्या पोटं वर करून तरंगत होत्या. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, सगळं रीतसर. फक्त विकणाऱ्याने आदल्या दिवशी त्यांना हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) उपाशी ठेवलं नव्हतं. खाल्लेला मासा पचवायला जास्त ऑक्सिजन ओढतो, वर विष्ठेने पाणी नासतं. वडील काठावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत.

त्या पिशवीतला मासा निवांत होता का? नाही ना? मग पिशवीत किती बी भरायचं हे ठरवायला कुणाचा आकडा लागतो, वाहत्या पाण्यात रात्रभर स्थिरावलेल्या माशाचा की धसका घेतलेल्याचा? विश्रांतीचा दर मोजला, असं मी लेखात कुठेच म्हटलेलं नाही. नीट वाचायचे कष्ट तरी घ्यायचे होते.

तुमच्याकडे आकडे असतील तर जरूर पाठवा. बोटुकलीचं वजनही लिहा, कारण लहान मासा ग्रॅममागे मोठ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन वापरतो. माझ्या आकड्यांशेजारी ते छापेन. अपमानाची भाषा असलेली प्रतिक्रिया मात्र यापुढे ठेवणार नाही.